बालवाडीतली अक्षरओळख : बेळगाव सीमाभागातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला, प्रवेश सुरू झाले की शाळेच्या दारात, लग्नाच्या मांडवात, फोनवर तेच ते प्रश्न येतात. बेळगाव शहरातून येतात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडीकडूनही येतात. मी बरीच वर्षं मोठा गट शिकवते. प्रश्न पालकांच्याच शब्दांत ठेवलेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथं गरज आहे तिथं दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. बाई, लहान गटात पोरं नुसती खेळतात. शिकवता काय?

खेळतात त्यातच शिकवते. उदाहरणार्थ टाळ्यांचा खेळ. मी म्हणते "रताळं", मुलं म्हणतात र-ता-ळं आणि तीन टाळ्या वाजवतात. "निपाणी", तीन टाळ्या. "आई", दोन. मग विचारते, "र कुठल्या कुठल्या शब्दात ऐकू येतो?" रस्ता, रवा, रताळं अशी यादी येते. परवा एक मुलगा ओरडला, "वरण!" बाकीची हसली. मी त्याला विचारलं, "कुठं ऐकू आला रे?" तो दोन मिनिटं पुटपुटत बसला आणि म्हणाला, "मधी!" त्या मुलाला अजून एकही अक्षर लिहिता येत नाही, पण वाचनाची पहिली पायरी तो चढलाय. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हे कानाला कळल्याशिवाय फळ्यावरचं अक्षर म्हणजे नुसतं चित्र.

याखेरीज गोष्ट ऐकणं, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं, पुस्तक सुलटं धरणं, पान उलटणं, ओळीखालून बोट डावीकडून उजवीकडे नेणं. वहीत यातलं काही दिसत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं काही झालंच नाही.

२. कितव्या वर्षी घालायचं? पहिलीला वय कमी पडलं तर?

कर्नाटकात पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. त्या हिशेबानं लहान गटाला चार आणि मोठ्या गटाला पाच. २०२५-२६ या एका वर्षापुरती राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना पाच वर्षं पाच महिन्यांची सवलत दिली होती. नियमात असे बदल होतात, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचं परिपत्रक मुख्याध्यापकांना दाखवायला सांगा.

वय कमी पडलं म्हणून वर्ष वाया गेलं, असं पालक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. पाच आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत, कानात आणि धीरात फार फरक असतो. ते एक वर्ष मुलाच्या खात्यात जमाच होतं.

३. शेजारची मुलगी अ ते ज्ञ लिहिते. आमचं पोरगं अजून रेघा ओढतं. मागं पडलं काय?

नाही. साधारणपणे मूल तिसऱ्या वर्षी गोल काढतं, चौथ्याला फुली, त्यानंतर चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. तिरकी रेघ सगळ्यांत उशिरा जमते. आपला 'अ' बघा : दोन अर्धगोल, आडवी रेघ, दांडी, वर शिरोरेषा. ज्याला चौकोन जमत नाही त्याच्याकडून 'अ' काढून घेतला तर तो काढतो, पण मनगट आवळून, खांदा उचलून.

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मीही मुलांना पानभर 'अ' गिरवायला लावत होते. एका मुलानं पेन्सिल एवढी दाबली की वही फाटली आणि तो फाटलेल्या पानावर हात ठेवून रडत बसला. त्यानंतर त्याला पेन्सिल दाखवली की तो बाकाखाली जायचा. तो हात पुन्हा सैल व्हायला दिवाळी उजाडली.

आपल्याकडे पूर्वी धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवायचे, त्यात मोठं शहाणपण होतं. परातीत नाचणीचं पीठ किंवा बारीक वाळू पसरा आणि बोटानं काढू द्या. चुकलं तर परात हलवली की झालं. शेंगा सोलणं, मटार निवडणं, कणकेचे गोळे, चिमट्यानं चिंचोके उचलणं हाही लेखनाचाच अभ्यास आहे.

४. अ आ इ ई सोडून तुम्ही 'ग म भ न' पासून का सुरू करता?

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लावलेला आहे, हाताच्या सोयीनं नव्हे. ग, म, भ, न ही वळणानं एकमेकांच्या जवळची आणि सोपी अक्षरं. शिवाय चार अक्षरं आली की शब्द होतात : नग, नभ, मन, गमन. पहिल्याच पंधरवड्यात मूल शब्द वाचतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. वर्णमाला आम्ही गाण्यासारखी तोंडानं म्हणून घेतो, कारण ती पुढं कन्नडलाही कामी येते (प्रश्न ६).

५. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. पोराच्या डोक्यात गोंधळ होत नाही काय?

होत नाही. आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या माणसं दोन-तीन भाषांत वाढली आहेत. आमच्या वर्गातली मुलगी मला "बाई, पाणी" म्हणते आणि तेवढ्यात आयाक्कांकडं वळून "नीरु कोड्री" म्हणते. कोणाशी काय बोलायचं हे तिला कळतं. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही या वयात दोष नाही. जवळ जो शब्द सापडला तो मूल वापरतं.

कधी कधी मजेदार अडखळणं होतं. कन्नडात 'मर' म्हणजे झाड. चित्राखाली वाचून दाखवलं तेव्हा एक मुलगा घाबरला, "झाडाला मर का म्हणताय?" तसंच 'काय'. मराठीत तो प्रश्न, कन्नडात कच्चं फळ. अशा शब्दांवर आम्ही मुद्दाम थांबतो. एकच आवाज दोन भाषांत दोन अर्थ देतो हे चौथ्या-पाचव्या वर्षी उमगणं ही मोठीच कमाई आहे.

काळजी वेगळ्या गोष्टीची करा. गोंधळ होईल म्हणून काही घरांतून आई मुलाशी मराठी बोलायचं थांबवते आणि मोडक्या इंग्रजीत "कम, सिट, ईट" एवढंच बोलते. मग मुलाला गोष्ट, तक्रार, रुसवा, लाड यांतलं काहीच पुरेसं ऐकायला मिळत नाही. ज्या भाषेत तुम्हाला भांडता येतं आणि अंगाई म्हणता येते त्याच भाषेत मुलाशी भरपूर बोला. पुढच्या सगळ्या भाषा त्याच पायावर उभ्या राहतात.

६. देवनागरी आणि कन्नड लिपी एकदम शिकवली तर चालते?

ऐकणं-बोलणं एकदम चालतं. लिहिणं एकापाठोपाठ असावं, असं मी ठामपणे सांगते. एका लिपीत मुलाला छोटे शब्द सहज वाचता आले की दुसरी सुरू करावी. दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या लेकी आहेत. क ख ग घ हा क्रम तोच, व्यंजनाला स्वराची खूण जोडायची पद्धत तीच. आपली बाराखडी तीच त्यांची कागुणित. म्हणून एक नीट आली की दुसरीचं निम्मं काम झालेलं असतं.

अडचण फरकांत येते, आणि ते फरक आम्ही उघडपणे दाखवतो. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली आणि दांडीवर उभी. कन्नड अक्षरं गोलाईची, डोक्यावर 'तलकट्टु' नावाची छोटी खूण. आपली पहिली वेलांटी अक्षराआधी काढायची आणि नंतर उच्चारायची, कन्नडात तीच खूण अक्षराच्या माथ्यावर वळते. 'अक्का' हा शब्द दोन्ही घरांतला. मराठीत दोन 'क' शेजारी शेजारी चिकटतात, कन्नडात दुसरा 'क' पहिल्याच्या खाली जातो. मी फळ्यावर दोन्ही 'अक्का' लिहिते तेव्हा मुलं म्हणतात, "हिकडं अक्का हात धरून हाय, तिकडं मांडीवर बसली!" मला याहून चांगलं समजावता आलं नसतं.

आवाजातही फरक आहेत. कन्नडात 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे 'चिमणी'तला च वेगळा आणि 'चूल'मधला वेगळा, पण अक्षर एकच. आणि कन्नडात शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात. म्हणून कन्नड घरातलं मूल 'घर' हा शब्द 'घरऽ' असा वाचतं. त्याला चूक म्हणून हिणवू नये, ते आपल्या भाषेच्या नियमानं बरोबरच वाचत असतं.

७. माध्यम कुठलं घ्यावं? मराठी, कन्नड की इंग्रजी?

हा निर्णय पालकांचा. ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकारला लादता येणार नाही. दुसऱ्या बाजूनं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेत शिकण्याच्या सोयी मिळाव्यात असं राज्यघटनेचं कलम ३५०-अ सांगतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाच ते घातलं गेलं. आपल्या भागातल्या सरकारी मराठी शाळा आणि कर्नाटक सरकार छापतं ती मराठी पाठ्यपुस्तकं आपण वापरली तरच टिकतात.

माझं मत विचाराल तर, सुरुवातीची वर्षं मुलाला ज्या भाषेत प्रश्न विचारता येतात त्या भाषेत जावीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा कलही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेकडं आहे. पण इंग्रजी शाळेत घातलंत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. घरातली मराठी जागती ठेवा (प्रश्न १०), म्हणजे इंग्रजी पुस्तकातलंही मुलाला लवकर समजतं.

८. मराठी शाळेत घातलं तर कन्नड येणार नाही. उद्या नोकरीला काय करायचं?

कन्नड येतं. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानं राज्यातल्या शाळांत पहिलीपासून कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं सक्तीचं आहे, आणि २०१७-१८ पासून ते टप्प्याटप्प्यानं लागू झालं. सीमाप्रश्नाबद्दल घरात जे काही मत असेल ते असो. लहान मुलासमोर कुठल्याही भाषेबद्दल कडू बोलू नका, एवढी कळकळीची विनंती. ज्या भाषेचा घरात राग केला जातो ती मूल शिकत नाही, आणि बसमध्ये, दवाखान्यात अडतं ते त्याचंच.

९. आमची मुलगी "मी जेवलो, मी आलो" म्हणते. बाई सुधारतात आणि ती गप्प बसते. काय करावं?

बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात आई, आजी, मावशी सगळ्या असंच बोलतात. कन्नडातही "नानु बंदे" (मी आलो) बाई म्हणते आणि पुरुषही म्हणतो, क्रियापद बदलत नाही. तेव्हा मुलगी काही चुकीचं बोलत नाही, घरचं बोलते.

पुस्तकातली भाषा तिला यायलाच हवी, पण तिचं तोंड बंद करून नव्हे. ती "बाई, मी डबा खाल्लो" म्हणाली की मी म्हणते, "खाल्लास होय? काय होतं डब्यात?" नंतर गोष्ट वाचताना "चिमणी म्हणाली, मी दाणा खाल्ला" हे तिच्या कानावर पडतं. सहा वर्षांची झाली की सांगायचं : घरी असं बोलतो, पुस्तकात असं लिहितो. मुलांना हे सहज पटतं, कारण दोन भाषांत राहायची सवय त्यांना आहेच. शिक्षकांनी वर्गासमोर टोकू नये, आणि टोकत असतील तर पालकांनी शांतपणे जाऊन हे बोलावं.

१०. आम्ही फार शिकलेलो नाही. घरी काय शिकवणार?

तुमच्याकडं जे आहे ते कुठल्याही महागड्या शाळेत विकत मिळत नाही. रताळ्याचा वेल कसा लावतात, सुगीत कोण काय करतं, भात कधी पोटरीला येतं, म्हैस कधी आटते, हे शब्द आणि त्यांमागची समज मुलाला तुमच्याकडूनच मिळते. पुढं ते वाचतं तेव्हा पानावरचा शब्द डोक्यातल्या कशाला तरी जाऊन चिकटावा लागतो. डोक्यात काही नसेल तर वाचणं नुसतं उच्चारणं होतं.

रोज एक गोष्ट सांगा, चिऊ-काऊची का असेना, तीच ती चालते. मुलं तीच मागतात, कारण पुढचं वाक्य आपल्याला माहीत आहे याचा त्यांना आनंद असतो. गणपत गल्लीत बाजाराला गेलात तर दुकानाच्या पाट्या दाखवा. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही दिसतील. किराण्याची यादी मुलासमोर लिहा, आणि लिहिता येत नसेल तर त्याला चित्रं काढायला सांगा : साखरेला एक, तेलाला एक. दुकानात ती यादी मुलानं "वाचून" दाखवावी. लिहिलेलं म्हणजे कुणीतरी म्हटलेलं, हे त्याला त्या दिवशी कळतं.

११. अंगणवाडी बरी की फी भरून केजी?

अंगणवाडी फुकट म्हणून कमी, असं नाही. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडीची कल्पना त्याआधीची, आणि आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, मग कोसबाडला, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची हा प्रयोग केला.

मी शाळेचं नाव बघत नाही, वर्गात जाऊन अर्धा तास बसा म्हणते. मुलं बोलतात की फक्त बाई बोलतात? चित्रांची पुस्तकं मुलांच्या हाताला लागतात की कपाटात कुलूपबंद आहेत? मूल रडलं तर कोण जवळ घेतं? एवढं पुरतं.

१२. अक्षरं उलटी लिहितो. काही दोष आहे काय?

सहा-सात वर्षांपर्यंत आरशातल्यासारखं उलटं लिहिणं सर्रास दिसतं. कप उलटा धरला तरी कपच राहतो, मग अक्षर का बदलावं, असं मुलाचं डोकं चालतं. घ-ध, म-भ, ब-व या जोड्यांत घोटाळा होतो. अशा जोडीतली दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नयेत. इयत्ता दुसरी संपत आली तरी हेच चालू असेल आणि साधे शब्दही वाचता येत नसतील, तर मात्र तपासून घ्यावं.

१३. "पंचवीस लिही" म्हटलं की ५२ लिहितो. इंग्रजीत सांगितलं की बरोबर लिहितो.

हा दोष मुलाचा नाही. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, वीस नंतर. मूल ऐकलं त्या क्रमानं लिहितं. इंग्रजीत 'ट्वेंटी फाईव्ह', कन्नडात 'इप्पत्तैदु', दोन्हीकडं वीस आधी. 'एकोणीस' तर त्याहून अवघड, वीसला एक कमी. कन्नडात ते सरळ 'हत्तोंबत्तु', दहा आणि नऊ.

केरसुणीच्या हिरांचे दहा-दहाचे जुडगे बांधा. दोन जुडगे, पाच सुटे. आधी "वीस आणि पाच" म्हणू द्या, मग "त्यालाच पंचवीस म्हणायचं". २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. मला विचाराल तर पायरी म्हणून ती रीत उपयोगी आहे. 'पंचवीस' सोडायचं नाही, तिथपर्यंत पोचायचं.

१४. मोबाईलमधला 'ल' आणि तुम्ही शिकवता तो 'ल' वेगळा का?

मोबाईलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल आणि श असतो. मराठीची परंपरा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' अशी आहे, आणि महाराष्ट्र शासनानं २००९ साली त्यांनाच मान्यता दिली. लिहायला एकच वळण शिकवा, वाचताना दोन्ही दाखवा. अक्षरं शिकवणारे व्हिडिओ लावायचे तर शेजारी बसून थोडा वेळच लावा. बाराखडी म्हणणारं मूल वाचतंच असं नाही.

१५. डावखुरा आहे. उजव्या हाताची सवय लावू काय?

लावू नका. जेवणाचा हात शिकवायचा तर तो घरचा रिवाज, लिहिण्याचा हात मुलाला ठरवू द्या. कागद किंचित उजवीकडं कलता ठेवा आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही.

१६. घरी बडबड करते, शाळेत दोन महिने तोंड उघडलं नाही.

वर्गाची भाषा नवी असेल तर मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं. या काळात "बोल की, बोल की" म्हणून मागं लागू नये. मान हलवून, बोटानं दाखवून उत्तर देऊ द्यावं. घरी ती शाळेतली गाणी म्हणत असेल तर सगळं ठीक चाललंय.

पण घरीही बोलत नसेल, वयाच्या दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली तर वळत नसेल, तर थांबू नका. "आमच्यात उशिराच बोलतात", "दोन भाषा आहेत म्हणून" असं म्हणून वर्ष घालवू नका. दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही. आधी कान तपासा. वारंवार सर्दीनं कान वाहणाऱ्या मुलांना ऐकूच कमी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला हमखास पाठवा आणि तुमची शंका बाईंकडं लिहून द्या.

१७. आई कन्नड, वडील मराठी, आजी कोकणी बोलते. मुलाची मातृभाषा कुठली धरायची?

खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि शहरातही अशी घरं पुष्कळ. फॉर्मवर एकच रकाना असतो, मुलाच्या आयुष्यात तीन भाषा असू शकतात. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलावं. वाचायला कुठली भाषा आधी घ्यायची, तर ज्या भाषेत मुलाशी रोज वाचून दाखवणारं माणूस घरात आहे ती. आजीची कोकणी बंद करू नका. ती बहुधा देवनागरीतच लिहून ठेवता येते, आणि नातवंडानं आजीची गोष्ट तिच्या शब्दांत लिहून काढणं याहून चांगला धडा मला माहीत नाही.

१८. शिनोळीला बदली झाली. मोठा गट इथं झाला, पहिली महाराष्ट्रात. अडेल काय?

शिनोळी बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण चंदगड तालुका, म्हणजे राज्य दुसरं. पुस्तकं बालभारतीची, कर्नाटकाची नव्हेत. पहिलीत फार फरक पडत नाही, अक्षरं तीच आहेत. दोन गोष्टी बघा. एक, वयाच्या अटीची तारीख महाराष्ट्रात वेगळी असू शकते, ती तिथल्या शाळेत विचारा. दुसरी, नाव. आपल्याकडचा जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत असतो. तिथली शाळा त्यावरून नाव देवनागरीत उतरवते आणि 'ळ'चा 'ल', 'ज्ञ'चा 'ग्न' होऊन बसतो. मूल सगळ्यांत आधी स्वतःचंच नाव वाचायला शिकतं, म्हणून मोठ्या गटात मी प्रत्येकाच्या खुर्चीवर नावाची पट्टी लावते. बदलीच्या मुलाला मी त्याची पट्टी काढून बरोबर देते आणि सांगते, नव्या बाईंना पहिल्याच दिवशी ही दाखव.